गजराची पावणी

गजरा पुढं आणि मी मागं, असं आमच्या जन्मात कधी झालं नव्हतं. लहानपणी चिंचा पाडायला जायचं असो की ओढ्यात खेकडी धरायला, पुढं मी असायची आणि मागनं गजरा, नाक ओढत. त्या दिवशी मात्र ती काठी टेकत वाळूचं टेकाड चढत होती, आणि मी एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरत होते.

"तिरकी चढ, बायडे," ती वळून म्हणाली. "सरळ चढशील तर सांजच्यापर्यंत हितंच."

"मला चालायला शिकवू नको. डोक्यावर दोन घागरी घेऊन बांध चढलेली बाई हाय मी."

"बांध जाग्यावर राहतो. ह्यो धोरा राहत न्हाई."

धोरा म्हणजे ते टेकाड. तिकडं त्याला तेच म्हणतात. मी दोन पावलं आणखी सरळ टाकली, गुडघ्यावर आपटले, आणि मग तिरकी झाले. ती पाठमोरी हसत होती, खांदे दिसत होते मला.

मी तिला न्यायला गेले होते. जैसलमेरच्या अलीकडं एक गाव, तिथं तिचा उभा जन्म गेला. आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस कमी आणि माणसं चिवट. निम्म्या घरांतली पोरं गलाईच्या धंद्याला परमुलखात जातात. सोनारांकडचं जुनं सोनं आणायचं, भट्टीत गाळायचं, तेजाबानं शुद्ध करून परत द्यायचं, हा तो धंदा. गजराचा नवरा मानसिंग लग्नानंतर तिला घेऊन गेला तो त्या वाळूत. मूलबाळ झालं नाही. मानसिंग वारला, दुकान पुतण्यानं चालवायला घेतलं, आणि ही दुकानाच्या मागच्या खोलीत एकटी राहिली.

तिचा धाकटा भाऊ जोतिराम आमच्याच आळीतला. माझं लग्न गावातल्या गावात मामाकडं झालेलं, त्यामुळं मी कुठं गेलेच नाही. जोतिरामनं बहिणीसाठी घराला लागून खोली बांधली, दोनदा न्यायला गेला, दोन्ही वेळा हात हलवत परत आला. तेव्हा मी पिठाच्या गिरणीत, चारचौघींत म्हणाले होते, "त्याला जमत न्हाई. मी वेणीला धरून आणते." बोललेलं खाली पडू द्यायची मला सवय नाही. पाडवा झाला आणि मी गाडीत बसले.

तीन दिवस मी तिचं डोकं खाल्लं. चौथ्या दिवशी ती हो म्हणाली. ट्रंक भरली, दोरी बांधली, पुतण्यानं दोघींची तिकिटं काढली. माझं काम झालं होतं. मग तिनं एकच मागणी केली.

"निघायच्या आधी ढाणीवर चालत जाऊन येऊ. धापूला मंगळवारी सांगितलंय मी जाणार म्हणून, पण पाया पडायचं राहिलंय."

"गाडीनं जाऊ की."

"गाडीनं न्हाई. मी तिथं कायम चालत गेले."

ढाणी म्हणजे चार-सहा झोपड्यांची वस्ती. तेजाबाच्या धुरानं गजराची छाती धरायची, तेव्हा तिथल्या वैदूनं तिला सांगितलं, बाई, रोज गावाबाहेर चालत जा, उघड्या हवेत. ती चालत सुटली ती एक दिवस ह्या ढाणीवर पोचली. तिथल्या धापू नावाच्या बाईनं तिला ताक पाजलं. तेव्हापासून रोज नाही तरी आठवड्यातनं एकदा तिची वारी ठरलेली. धापू म्हणजे काय, तर 'पुरे झालं'. पाचवी मुलगी झाली म्हणून बापानं ठेवलेलं नाव. आपल्याकडं नकुशी म्हणतात, तसं.

धोऱ्याच्या माथ्यावर आम्ही टेकलो. खाली नुसती वाळू, मधे मधे शमीची झाडं, त्यांना तिकडं खेजडी म्हणतात. ऊन अजून कोवळं होतं. मी कमरेची डबी काढून मिश्री लावली. गजरानं दिलेली पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती.

"खोली कशी हाय म्हणालीस?" तिनं विचारलं.

"फरशीची. पंखा हाय. न्हाणी चिकटून. रात्रीअपरात्री बाहेर जायला नको. जोतिरामची बायको मला म्हणाली, वन्संना हितली काडी तिथं करू द्यायची न्हाई."

"मग मी काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? बसायचं. ताटात येईल ते खायचं. माझ्याकडं बघ, दोन सुना हायत, एवढ्या वर्षांत तांब्या उचलू दिला न्हाई मला. 'आत्या, तुम्ही बसा.' चुलीपाशी गेले की 'आत्या, तुम्ही बसा.' शेतात जाते म्हटलं की 'आत्या, तुम्ही बसा.' राणीगत ठेवलंय."

"दिवस जातो का गं?"

"जातो की," मी म्हणाले. "न जाऊन कुठं जातोय?"

ती उठली. आम्ही उतरायला लागलो. उतरताना वाळू आपणच आपल्याला नेते, तेवढं एक बरं असतं.

ढाणीच्या अलीकडं एक जागा आली. एवढ्या वाळूत मधेच साफ, चोपून टणक केलेली जमीन, आमच्या खळ्यासारखी पण खळ्याच्या कितीतरी पट. भोवतीनं काट्यांचं कुंपण. आणि बरोबर मधे चुन्यानं रंगवलेला गोल घुमट, माणसाच्या छातीएवढा उंच, त्याला बारकं लाकडी दार. मला बघताक्षणी कळलं. कुणातरी साधूची समाधी. एवढी स्वच्छ जागा देवाशिवाय कुणाची असणार?

"तू हितं सावलीला थांब," गजरा कुंपणाबाहेरच्या झाडाकडं हात करत म्हणाली. "मी धापूला हाक मारून येते. तिची कुत्री नवीन माणसाला धरतात."

ती गेली. मी झाडाखाली थांबले, पण किती थांबणार? समोर समाधी आणि आपण पाठ करून बसायचं? आमच्याकडं अशी रीत नाही. मी चपला कुंपणाबाहेर काढल्या, आत गेले, घुमटाजवळ उभी राहिले. तोंडात मिश्री होती. देवापुढं उष्ट्या तोंडानं कसं जायचं? मी बाटली काढली, खळखळून दोन चुळा भरल्या, बाजूला टाकल्या. पाय वाळूनं भरले होते, ते धुतले. उरलेलं पाणी तोंडावर मारलं. मग पदर डोक्यावर घेऊन घुमटावर कपाळ टेकलं. गावाहून निघताना गजरासाठी देवीची खडीसाखर आणली होती, तिच्यातली चिमूटभर त्या बारक्या दारासमोर ठेवली. मनात म्हणाले, बाबा, कोण असशील तो अस. माझी मैत्रीण सुखरूप घरी येऊ दे.

एवढ्यात मागनं किंकाळी आली.

एक उंच, वाळलेली, लाल ओढणीतली म्हातारी काठी उगारून पळत येत होती. तिच्यामागं दोन बायका, त्यांच्यामागं गजरा. म्हातारी कुंपणाशी आल्याबरोबर पायातलं काढायला थांबली, तेवढ्या रागातसुद्धा थांबली, आणि मग आत शिरली. तिनं ओली जमीन बघितली. मिश्रीचा काळा डाग बघितला. खडीसाखर बघितली. तिनं ती साखर एकेक खडा वेचून पदरात घेतली आणि माझ्यापुढं हात नाचवत काय बोलत सुटली, देव जाणे.

त्यांची बोली मला निम्मी कळत होती, निम्मी गजरानं नंतर सांगितली. इथं मी आपल्या भाषेतच सांगते.

"काय झालं ओरडायला?" मी पण आवाज चढवला. "नमस्कार केला. कुणाच्या बापाचं काही घेतलं न्हाई. गजरे, सांग ह्या बाईला, चपला काढून आत आलेय म्हणून."

"बायडे, गप बस," गजरा म्हणाली. "समाधी न्हाई ती. पाण्याचं टाकं हाय."

"टाकं?"

"जमिनीच्या पोटात. ही सगळी जागा म्हणजे आगोर. पाऊस पडला की ह्या जमिनीवरनं वाहत पाणी त्या दारातनं आत उतरतं. तेच वर्षभर पितात. हितं कुणी चपला घालून येत न्हाई, शेळी येऊ देत न्हाईत, पोरास्नी खेळू देत न्हाईत. आणि तू हितं चुळा टाकल्यास."

मी त्या डागाकडं बघितलं. मिश्री त्या टणक जमिनीत मुरली नव्हती, वरच राहिली होती.

"मग पाटी लावायची," मी म्हणाले.

"लावली असती तर वाचली असतीस?"

दुसरीतनं शाळा सुटलेली बाई मी.

म्हातारी, म्हणजेच धापू, काठी जमिनीवर आपटून म्हणाली, "किणरी पावणी है आ?"

एवढं मला कळलं. कुणाची पाहुणी ही? त्यांच्यात तशी रीत आहे. पाहुण्यानं आगोर बाटवला तर पाहुण्याला कुणी शब्द लावत नाही. ज्या घरची पाहुणी, त्या घरानं पुढं यायचं, घाण काढायची, आणि त्या वर्षी पावसाच्या आधी सगळा आगोर खरवडून, नवा मुरूम टाकून, चोपून द्यायचा.

"म्हारी," गजरा म्हणाली.

धापूनं तिच्याकडं बघितलं. काठी खाली आली. आवाज तर असा खाली आला की मघाचीच बाई का, असं वाटावं.

"तुझी होय," ती म्हणाली. "मग राहू दे. तू निघालीस. सुना बघतील काय ते. जाणाऱ्या माणसाला काय बोलायचं? चला, ताक पिऊन जा दोघी."

आणि तिनं सुनांना हात केला. त्या निमूट खोरं आणायला वळल्या. मला बरं वाटलं. प्रकरण मिटलं होतं. म्हातारी वाटली तेवढी वाईट नव्हती, समजूतदार होती. मी चपलांकडं निघाले सुद्धा.

गजरा जागची हलली नव्हती.

"सुना कशाला?" ती म्हणाली. "पावणी माझी."

"अगं, पण तू निघालीस ना?"

"मागल्या साली तुझ्या जावयाचा उंट शिरला आत, तेव्हा कुणी काढलं? तूच काढलंस ना?"

"तो माझा जावई."

"आणि ही माझी बहीण."

"बहीण आहे, कळलं. पण तुझं घर कुठं राहिलं इथं? मंगळवारी तूच म्हणालीस, मी जाते म्हणून."

"मंगळवारी म्हणाले," गजरा म्हणाली. "आज शनिवार हाय."

मी वळले. "गजरे, तिकिटं काढलीत."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती धापूकडं बघत होती, आणि धापू तिच्याकडं. दोन्ही सुना खोरं हातात घेऊन मधेच थांबल्या होत्या. वारा सुटला होता आणि बारीक वाळू त्या साफ जमिनीवरनं सरसरत जात होती.

मग धापूनं काठी पुन्हा आपटली. मघापेक्षा जोरात.

"तर मग बघतेस काय तोंडाकडं? खोरं घे! आणि वरवर खरवडशील तर याद राख. वीतभर खोल काढ. तंबाखूचा वास महिनाभर राहतो. आणि यंदाचा सगळा आगोर तुझ्याकडं, एक कोपरा राहिला तर तुझ्या हातचं पाणी नाही पिणार मी. पाहुणी आणते आणि तिला चार शब्द सांगून ठेवत नाही! अक्कल कुठं ठेवलीस, गावात?"

"हाय, हाय, अक्कल हाय," गजरा म्हणाली, आणि सुनेच्या हातातलं खोरं तिनं ओढून घेतलं.

मी पुढं झाले. "दे हिकडं. मी केलं, मी काढते."

खोऱ्याला मी हात घातला तसा धापूनं माझा हात मनगटाशी धरला. ओढला नाही, नुसता धरला. काटकुळा हात, पण सुटेना. ती काहीतरी म्हणाली.

"पावणीनं बसायचं, म्हणते," गजरानं सांगितलं.

मला झाडाखाली खाट टाकून दिली. ताक दिलं, बाजरीची भाकरी दिली, वर केरसांगरीची, तिकडच्या सुक्या शेंगांची भाजी. मी बसले. समोर गजरा पदर खोचून खरवडत होती आणि धापू काठी टेकून तिच्या डोक्यावर उभी होती. इकडं राहिलं, तिकडं राहिलं, हे काय काम, ह्यापेक्षा आंधळी बरी. गजरा उलट उत्तरं देत होती, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच चालीत. मधेच तिला खोकला आला तर धापू म्हणाली, सोंग पुरे. आणि दोघी हसल्या. मी गजराला आठवडाभर बघत होते, रडताना, ट्रंक भरताना, माझं ऐकताना. असं मोकळं हसताना पहिल्यांदा बघितलं.

भाकरी बरी होती. जरा जाड.

ऊन उतरल्यावर गजरा मला सडकेपर्यंत सोडायला आली. ती ढाणीवरच राहणार होती. मुरूम आणायला उंटगाडी सकाळी निघायची होती. धोरा चढताना तिनं हात पुढं केला, तो मी घेतला नाही. सडकेवर आल्यावर मात्र मला राहवेना.

"आगोर कधी व्हायचा?"

"जेठापर्यंत."

"आणि मग?"

"मग पावसाची वाट बघायची."

"आणि पाऊस पडल्यावर?"

"पाणी किती साचलं बघायचं."

"सरळ सांग की, येत न्हाई."

"येत न्हाई," ती म्हणाली.

"माझ्या चुळीचं निमित्त करू नको. येऊन पुन्हा जाता आलं असतं."

"निमित्तच लागतं गं, बायडे. मला इतक्या दिवसांत सापडत नव्हतं."

लांबनं जीप येताना दिसली. गजरानं हात करून ती थांबवली. मी पुढं बसले. तिनं माझा पदर दारात अडकू नये म्हणून आत सारला आणि म्हणाली, "जोतिरामला वाईट वाटेल. काय सांगशील?"

"ते माझं मी बघीन," मी म्हणाले. "तू तुझा कोपरा बघ."

परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा तिची होती. तिच्यावर मी माझी पिशवी ठेवली. कुणी विचारलं तर म्हणत होते, येणार हाय माणूस. अहमदाबाद सोडल्यावर तिकीटवाल्यानं पिशवी खाली ठेवायला लावली आणि ती जागा एका पोराबाळांच्या बाईला दिली. चांगली होती बाई. तिनं मला वरच्या बर्थवर चढू दिलं नाही, चहाचा कप हातात आणून दिला, पिशवीतली शाल काढायला उठले तर म्हणाली, "आजी, तुम्ही बसा. मी देते."

मी बसले. पुण्यापर्यंत मी दुसरं काही केलं नाही. बसून खिडकीतनं बघितलं आणि गजरानं खोरं कसं ओढून घेतलं ते आठवलं. एरवी ती कधी कुणाच्या हातातनं काही ओढून घेणारी नव्हती. चिंचासुद्धा मी देईन तेव्हा खायची.

सांगली स्टेशनवर जोतिराम टेम्पो घेऊन आला होता. बहिणीची ट्रंक यायची म्हणून. त्याची बायको हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती, ओवाळून टाकायला. मी एकटी उतरले. जोतिराम माझ्यामागच्या दाराकडं बघत राहिला, गाडी हलेपर्यंत.

"आक्का, गजराक्का कुठाय?"

"आली न्हाई."

"न्हाई म्हणाली?"

"मीच म्हणाले, येऊ नको म्हणून."

त्याची बायको तोंडावर पदर घेऊन मागं सरली. जोतिराम लाल झाला. त्यानं मला आक्का म्हणून मान दिलेला, तो आड येत होता, ते त्याच्या मानेच्या शिरेत दिसत होतं.

"तुम्हीच म्हणालात? आक्का, गिरणीत सगळ्या बायांपुढं तुम्ही... मी खोली बांधली तिच्यासाठी. पंखा लावलाय. तिथं त्या वाळूत तिचं हाय कोण?"

"तिच्यावर ओरडणारी एक म्हातारी हाय."

"काय?"

"खोरं हातात देते आणि डोक्यावर उभी राहून ओरडते. अक्कल काढते. तू ओरडशील का तिच्यावर, जोतिराम?"

"मी?" तो म्हणाला. "थोरल्या बहिणीवर? जीभ झडेल माझी."

"म्हणून," मी म्हणाले, आणि माझी पिशवी उचलून टेम्पोत चढले.